केडगावच्या छापखान्यातला ग्रंथ

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तिथल्या मुक्ती मिशनच्या आवारात १९२२ च्या मार्च महिन्यात चौसष्टीला टेकलेल्या एक विदुषी पलंगालगत कागदांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या असत. ऐकू येणे फार कमी झालेले, शरीर थकलेले. एकुलती एक मुलगी आदल्याच वर्षी गेलेली. पण हातातले काम सुटत नव्हते. ते काम होते संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव आपल्याला ठाऊक असते ते शारदा सदनामुळे, विधवांच्या शिक्षणामुळे आणि त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात उठलेल्या वादळामुळे. आयुष्याची अखेरची सतरा-अठरा वर्षे ज्या कामाला त्यांनी वाहिली, ते मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नाही. देवाचा शब्द लिहून का ठेवायचा, आणि लिहायचाच तर कुणासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्या कामात दडलेले आहे.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत गुरूंबरोबर पेशव्यांच्या वाड्यात जात. तिथे राजघराण्यातली स्त्री संस्कृत श्लोक म्हणताना त्यांनी ऐकली आणि आपल्या पत्नीलाही संस्कृत शिकवायचे असे मनाशी ठरवले. पुढे त्यांनी ते केलेही. समाजाचा रोष झाला, तेव्हा शास्त्रार्थ करून आपली बाजू मांडली आणि रानात आश्रम थाटला. रमाबाईंना संस्कृत मिळाले ते आई लक्ष्मीबाईंच्या मुखातून. बारा वर्षांच्या वयात त्यांना १८ हजार श्लोक पाठ होते असे सांगतात.

मौखिक परंपरेची थोरवी या मुलीइतकी कुणाला कळली असेल? वेद हजारो वर्षे कंठातच राहिले आणि स्वरसुद्धा ढळला नाही. पण त्या परंपरेची दुसरी बाजूही तिने पाहिली. आश्रम मोडला, दारिद्र्य आले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचे, लोक पोथीपुढे पैसा-फळे ठेवतील त्यावर दिवस काढायचा. श्रोत्यांना संस्कृत कळत नसे. अर्थ सांगण्याची गरजही कुणाला वाटत नसे, कारण नुसत्या श्रवणानेच पुण्य लाभते अशी श्रद्धा होती. वेद तर स्त्री-शूद्रांच्या कानीही पडायचा नाही. पाठांतरावर जगणारे शास्त्र गुरूच्या मर्जीवाचून मिळत नाही, हे रमाबाईंच्या मनावर लहानपणीच कोरले गेले.

दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेले भाऊ-बहीण १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्याच शहरात ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यात भावाला संस्कृत बायबल भेट मिळाले. पोथी देखणी होती. पण उघडून पाहावे तर भाषा संस्कृत असूनही ओळखीची वाटेना. वाचण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही, असे वाटून त्यांनी ते बाजूला ठेवले.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला. सिल्चरच्या घरात एके दिवशी पुस्तकांमध्ये त्यांना एक लहानसे चोपडे सापडले. ते लूकच्या शुभवर्तमानाचे बंगाली भाषांतर होते. कलकत्त्याच्या भारदस्त पोथीने जे साधले नाही, ते या चोपड्याने साधले. बोलीतली ती कथा त्यांना वाचाविशी वाटली.

या चोपड्याचा आरंभच आपल्या विषयाशी निगडित आहे. लूक थियफिल नावाच्या गृहस्थाला सांगतो, की तुला जे शिकवले गेले त्याची खात्री पटावी म्हणून मी सारे नीट शोधून क्रमवार लिहीत आहे. येशूने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. तो डोंगरावर, तळ्याकाठी, जेवणाच्या पंक्तीत बोलत राहिला. शिष्यांनीही आधी तोंडीच सांगितले. पण प्रत्यक्ष पाहणारे एकेक करून जाऊ लागले, मंडळ्या दूरदूर पसरल्या. तेव्हा ऐकलेले बदलू नये आणि पुढच्या पिढ्यांनाही ते मिळावे म्हणून ते लिहिले गेले. लिहिणारे हात माणसाचे, प्रेरणा पवित्र आत्म्याची, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. जुन्या करारात यिर्मयाची कथा आहे. त्याने सांगितलेली वचने बारूखाने गुंडाळीवर लिहिली. राजाने ती चाकूने कापून शेगडीत जाळली, तर यिर्मयाने ती पुन्हा लिहवून घेतली आणि त्यात भरही घातली. नवा करार लिहिला गेला तोही विद्वानांच्या जुन्या घडीव ग्रीकमध्ये नव्हे, तर बाजारात आणि बंदरावर चालणाऱ्या साध्या ग्रीकमध्ये.

१८८२ मध्ये पती पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, तिथे आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र आपल्या मठवासी गुरुभगिनींनाही त्या मुकाट शरण गेल्या नाहीत. शास्त्रात जे मला सापडत नाही ते केवळ चर्च म्हणते म्हणून मी मानणार नाही, अशी त्यांची भूमिका त्या काळच्या पत्रव्यवहारात दिसते. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालायला त्यांनी नकार दिला. अक्षरे हवीतच तर ती संस्कृत असोत, असा त्यांचा आग्रह होता. ग्रंथ हाती आला की प्रश्न विचारायचा अधिकारही हाती येतो. बाईंनी तो अधिकार पुण्याच्या शास्त्रीमंडळींपुढे गाजवला, तसा वाँटेजलाही.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पुढे १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या. मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. या मुली शेती, विणकाम, छपाई शिकू लागल्या. अंध मुली बोटांनी ब्रेल वाचू लागल्या. यांच्या हाती बायबल द्यायचे तर कोणते? मराठी बायबल होतेच. सेरामपूरला १८०५ मध्ये मत्तयच्या शुभवर्तमानापासून त्याची सुरुवात झाली होती. पण रूढ भाषांतर संस्कृतप्रचुर होते, खेड्यातल्या बाईला ते पेलणारे नव्हते. तेव्हा १९०५ च्या सुमारास रमाबाई स्वतः कामाला लागल्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मुळाबरहुकूम, पण सोप्या मराठीत, एकेक पुस्तक उतरवत गेल्या. क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या पंडितेने संस्कृतचा मोह इथे निग्रहाने दूर ठेवला. छापखान्यात खिळे जुळवायला बसल्या त्या मुक्तीतल्याच बायका. ज्यांच्या आयांनी कधी अक्षर गिरवले नव्हते, त्या आता देवाचे वचन अक्षर-अक्षर लावत होत्या.

१९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.

हे भाषांतर चर्चमध्ये रूढ झाले नाही. बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालत राहिली. मुळाला घट्ट धरून ठेवल्याने रमाबाईंची मराठी कुठे कुठे अवघडली, असेही अभ्यासक सांगतात. हिशेबाच्या वहीत मांडले तर एवढा खटाटोप वाया गेला असेच कुणी म्हणेल.

पण घाटावरच्या त्या पोरीला आठवून पाहा. ती पुराण म्हणत होती आणि समोरच्या बाया न समजता हात जोडून ऐकत होत्या. त्याच मुलीने पुढे तशाच बायांच्या ओंजळीत ग्रंथ ठेवला, त्यांना तो वाचायला शिकवले आणि छापायलाही. ज्यांच्या कानांवर बंदी होती, त्यांच्या डोळ्यांपुढे वचन मांडायचे, यासाठी रमाबाई अठरा वर्षे खपल्या. देवाचा शब्द लिहून का ठेवायचा, याचे त्यांना उमगलेले उत्तर हेच होते.