बँकेच्या कागदावर नाव चुकलं, आणि त्याच नावाने जाड बायकांना अंगाला बसणारे कपडे दिले

दुकानात आपण एखादा ड्रेस हातात घेतो, रंग आवडतो, भावही परवडतो. पण साईज विचारली की सेल्समन मान हलवतो. तुमच्या मापात नाही. असलाच तर आतल्या कपाटातून एखादा गोणपाटासारखा ढगळ ड्रेस बाहेर येतो, आणि त्याची किंमतही जास्त.

जाड अंगाच्या माणसांना हा अनुभव नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बायकांचीही हीच तक्रार होती. त्यावर पहिला मोठा तोडगा काढला तो शिलाई मशीनवर पोट भरणाऱ्या एका विधवा बाईने.

तिचं नाव लेना ब्रायंट.

लेनाचा जन्म लिथुआनियातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली, आजी-आजोबांनी तिला वाढवलं. १८९५ च्या सुमारास, विशी गाठायच्या आत, ती लांबच्या नातेवाइकांसोबत अमेरिकेला निघाली. वाटेत तिला कळलं की तिकिटामागे एक अट आहे. त्यांच्या मुलाशी तिचं लग्न लावायचं ठरलं होतं.

लेनाने सरळ नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये उतरून तिने बहिणीचं घर गाठलं आणि शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी धरली. पगार होता आठवड्याला १ डॉलर. इंग्रजी येत नव्हतं, पण हातात कसब होतं. लेस आणि आतल्या कपड्यांचं नाजूक काम ती शिकली. काही वर्षांतच ती आठवड्याला १५ डॉलर कमवायला लागली.

१८९९ मध्ये तिने ब्रुकलिनचे जवाहिर डेव्हिड ब्रायंट यांच्याशी लग्न केलं. १९०० मध्ये मुलगा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नवरा वारला. कडेवर तान्हं बाळ, हातात पैसा नाही.

नवऱ्याने दिलेले हिऱ्यांचे कानातले तेवढे जवळ होते. ते तिने गहाण ठेवले, आलेल्या पैशातून शिलाई मशीनचा पहिला हप्ता भरला आणि घरातच कपडे शिवायला बसली.

काम वाढत गेलं. १९०४ मध्ये तिने फिफ्थ अव्हेन्यूच्या वरच्या, त्या मानाने स्वस्त टोकाला एक जागा घेतली. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड.

धंद्यासाठी एका नातेवाइकाने ३०० डॉलर उसने दिले. ते भरायला ती बँकेत गेली आणि कागदावर लेनाच्या जागी लेन असं नाव पडलं. चूक दुरुस्त करायचा तिला संकोच वाटला. तेव्हापासून दुकान झालं लेन ब्रायंट.

याच दुकानात एका गरोदर गिऱ्हाइकाने तिला गळ घातली. चारचौघांत घालता येईल आणि अंगाला काचणारही नाही असा ड्रेस हवा होता. त्या काळी पोट दिसायला लागलं की बाईने घराबाहेर पडणं बरं समजलं जात नसे, त्यामुळे असा कपडा बाजारात मिळतच नव्हता.

लेनाने वरचा भाग आणि स्कर्ट इलॅस्टिकच्या पट्टीने जोडला. स्कर्टला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या घातल्या. पोट वाढेल तसा ड्रेस पसरायचा. लवकरच तो रेडिमेड निघायला लागला. घरी बसणं परवडत नव्हतं अशा कामकरी गरोदर बायकांचीही त्याने सोय केली.

पण जाहिरात कोण छापणार? गरोदरपण हा शब्द वर्तमानपत्रांना चालत नव्हता. १९११ मध्ये न्यूयॉर्क हेराल्डने पहिल्यांदा तिची जाहिरात घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळा माल संपला.

इथून गोष्ट वळते ती जाड बायकांच्या कपड्यांकडे.

१९०९ मध्ये लेनाने अल्बर्ट माल्सिन या इंजिनिअरशी दुसरं लग्न केलं. कापड आणि शिलाई तिची, हिशेब आणि धंद्याची आखणी त्यांची. दोघांच्या लक्षात आलं की जाड अंगाच्या बायकांना रेडिमेडमध्ये काहीच मिळत नाही. शिंप्याकडून खास शिवून घ्यायचे तर पैसे जास्त लागतात, आणि ते ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी मिळेल ते घालायचं.

कारखान्यांची पद्धत अशी होती की सडपातळ बाईच्या मापाचा नमुना घ्यायचा आणि तो सगळीकडून सारखा मोठा करायचा. पण माणूस जाड होतो तेव्हा त्याचे खांदे कमरेइतके रुंद होत नाहीत, हात लांब होत नाहीत. मग कंबर बसली की खांदे उतरायचे आणि खांदे बसले की कंबर आवळायची. बाईला वाटायचं, खोट आपल्या अंगात आहे. खरी खोट नमुन्यात होती.

अल्बर्टने इंजिनिअरसारखा विचार केला. अंगाच्या वळणाप्रमाणे वळणारी एक मोजपट्टी बनवली आणि दुकानात येणाऱ्या सुमारे ४,५०० बायकांची मापं घेतली. शिवाय एका विमा कंपनीकडून सुमारे २ लाख बायकांच्या मापांची आकडेवारी मिळवली.

त्यातून दिसलं की जाड अंगाचेही ठरावीक प्रकार असतात. कुणी सगळीकडून सारखी भरलेली, कुणी छातीकडे भारी, तर कुणी नितंबाकडे. त्यांनी असे तीन मुख्य प्रकार धरले आणि प्रत्येकासाठी वेगळे नमुने तयार केले.

स्वस्ताईचं गणित इथेच सुटलं. शिंपी एका बाईसाठी एकदाच बेततो, त्याची सगळी मेहनत त्या एका कपड्यावर पडते. नमुना पक्का असला की कापडाचे थर एकावर एक ठेवून कितीतरी कपडे एकदम कापता येतात, आणि नमुन्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो.

जोडीला टपालाने माल पाठवायचा कॅटलॉग होता. लहान गावातली किंवा दुकानात जायला लाजणारी बाई घरीच मापं घेऊन कपडे मागवू शकत होती. १९१७ मध्ये कंपनीची विक्री १० लाख डॉलरच्या वर गेली, १९२३ मध्ये ती ५० लाखांवर पोचली. तोपर्यंत जाड बायकांच्या कपड्यांनी गरोदर बायकांच्या कपड्यांना मागे टाकलं होतं.

१९२३ मध्येच अल्बर्ट वारले. लेना मात्र धंद्यात राहिली. तिच्या कंपनीत कामगारांना नफ्यात वाटा, पेन्शन आणि विमा मिळत होता. आठवड्याला १ डॉलरवर राबलेली बाई ते दिवस विसरली नव्हती. १९५१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचं निधन झालं. लेन ब्रायंट हे चुकलेलं नाव आजही अमेरिकेत दुकानांवर आहे.

आज आपल्याला कमी पैशात चांगला ड्रेस हवा असेल तरी लेनाच्याच वाटेने जावं लागतं. लेबलवरच्या एक्सएल, डबल एक्सएलवर भरवसा ठेवू नका, कारण ती मापं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात. घरी टेप घेऊन छाती, कंबर आणि नितंब मोजा, आणि यातला जो भाग सगळ्यात भारी त्याला बसेल असा कपडा घ्या. बाकीचं आल्टर करून मिळतं, आणि तो खर्च नवीन शिवून घेण्यापेक्षा बराच कमी असतो.

आणि एखादा ड्रेस नाहीच बसला, तर दोष अंगाला देण्याआधी एकदा नमुन्याकडे बघा.