बुद्धिबळपटू कापाब्लांका

क्यूबा बेटाच्या राजधानीत, हवाना शहरी, स्पॅनिश सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या घरी १९ नोव्हेंबर १८८८ रोजी जोसे राउल कापाब्लांका याचा जन्म झाला. तो चार वर्षांचा असताना वडील एका स्नेह्याशी बुद्धिबळ खेळत बसत आणि मुलगा जवळ उभा राहून मुकाट्याने पाहत असे. खेळाचे नियम त्याला कोणी शिकविले नव्हते. एके दिवशी वडिलांनी घोडा भलत्याच घरात टाकला. ते प्रतिपक्षाच्याही ध्यानी आले नाही आणि डाव वडिलांनी जिंकला. मुलाला हसू आले. वडील रागावले, तेव्हा त्याने चूक दाखवून दिली आणि पुन्हा मोहरी मांडून वडिलांनाच हरविले! ही हकीकत पुढे त्यानेच सांगितली आहे. तिला थोडा रंग चढला असेलही. पण १९०१ साली, तेरावे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, त्याने क्यूबाचा नामांकित खेळाडू हुआन कोर्सो याला सामन्यात जिंकले, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

१९०६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तेथे पुस्तकांपेक्षा मॅनहॅटन बुद्धिबळ मंडळातच त्याचा अधिक वेळ जाई, आणि शिक्षण अर्धवट राहिले. १९०९ साली अमेरिकेचा अग्रगण्य खेळाडू फ्रँक मार्शल याला त्याने आठ डावांत हरविले. स्वतः एकच डाव गमावला. १९१३ पासून क्यूबाच्या परराष्ट्र खात्यात त्याला अधिकारपद मिळाले.

त्याच्या खेळाचे खरे मर्म डावाच्या अखेरच्या भागात दिसे. पटावर सर्व मोहरी असतात, तोवर राजाला कोपऱ्यात लपून राहावे लागते. वजीर पटावरून गेले आणि मोहरी विरळ झाली, की त्याचे भय ओसरते. मग हाच राजा एखाद्या शिपायाप्रमाणे पुढे सरसावतो. नवशिके हे विसरतात व राजाला जागीच बसवून ठेवतात.

१९१९ साली इंग्लंडातील हेस्टिंग्ज येथे विल्यम विंटर याच्याशी झालेला त्याचा डाव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कापाब्लांकाकडे काळी मोहरी होती. विंटरचा उंट पुढे येऊन काळ्या घोड्याला अडवून बसला होता. कापाब्लांकाने राजापुढील प्यादे दोन घरे ढकलून त्या उंटाला मागे रेटले. थोड्याच खेळ्यांत घोडे आणि वजीर मारले गेले. आता दोन्ही पक्षांकडे दोन हत्ती, एक उंट आणि आठ प्यादी उरली. मोजणाऱ्याला बळ अगदी समसमान वाटावे! तेवढ्यात कापाब्लांकाने आणखी एक प्यादे एकच घर पुढे सरकविले आणि विंटरचा उंट कायमचा कोंडला गेला. समोर काळ्या प्याद्यांची भिंत, पाठीशी स्वतःचीच प्यादी.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासारख्या किल्ल्यात शिबंदी असावी आणि शत्रूने वाटा अडवून बाहेर ठाण मांडावे, तशी त्या उंटाची गत झाली. शिबंदी शाबूत असली, तरी बाहेरच्या लढाईत तिचा काय उपयोग? कापाब्लांकाने त्या उंटाला मारण्याची खटपटही केली नाही. त्याने राजाला पटाच्या मध्यभागी आणून पहाऱ्यावर ठेवले आणि हत्ती घेऊन पटाच्या दुसऱ्या बाजूस चढाई केली. तेथे त्याचा उंट लढत होता, विंटरचा नव्हता. एकोणतिसाव्या खेळीनंतर विंटरने हार पत्करली. त्या स्पर्धेत कापाब्लांकाने अकरांपैकी दहा डाव जिंकले. एक बरोबरीत सुटला.

१९२१ मध्ये हवाना येथे इमानुएल लास्कर याला एकही डाव न गमावता हरवून तो जगज्जेता झाला. १९१६ पासून १९२४ पर्यंत तो स्पर्धेत किंवा सामन्यात एकदाही हरला नव्हता. न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटी याने ही मालिका तोडली. त्याच स्पर्धेत तार्ताकोव्हरविरुद्ध कापाब्लांकाने आपली प्यादी खुशाल मरू दिली व राजाला शत्रूच्या गोटापर्यंत चालवीत नेले. प्यादी गमावूनही तो डाव त्यानेच जिंकला.

इतक्या सहज मिळणाऱ्या यशाने माणूस थोडा गाफील होतो. १९२७ साली ब्वेनोस आयरेस येथे अलेक्झांडर अलेखिन त्याच्यासमोर बसला, तेव्हा बहुतेकांना निकाल ठरलेलाच वाटत होता. अलेखिनने मात्र कापाब्लांकाच्या जुन्या डावांचा कसून अभ्यास केला होता. चौतीस डाव झाले. पंचवीस बरोबरीत सुटले, सहा अलेखिनने जिंकले आणि तीन कापाब्लांकाने. जगज्जेतेपद गेले. पुन्हा सामना व्हावा म्हणून त्याने वर्षानुवर्षे प्रयत्न केले. परंतु अटींवरून वाद होत राहिले आणि तो सामना कधीच झाला नाही.

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत पंजाबच्या मीर सुलतान खान याने त्याला हरविले. सुलतान खान देशी पद्धतीने खेळ शिकला होता. त्या पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर चालते. त्यामुळे परदेशी डावांची सुरुवात त्याला अवघड जाई. डावाचा शेवट मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, आणि तेथे तो कापाब्लांकालाही भारी पडू शकला. १९३६ साली मॉस्कोची स्पर्धा जिंकून आणि नॉटिंगहॅमला पहिल्या क्रमांकाचा वाटेकरी होऊन कापाब्लांकाने आपले जुने तेज पुन्हा दाखविले.

७ मार्च १९४२ च्या संध्याकाळी तो मॅनहॅटन बुद्धिबळ मंडळात एक डाव पाहत असताना एकाएकी कोसळला. त्याला माउंट सायनाय रुग्णालयात नेण्यात आले. सुमारे चौदा महिन्यांपूर्वी लास्करनेही तेथेच देह ठेवला होता. दुसऱ्या दिवशी कापाब्लांकाची प्राणज्योत मालवली. त्याचे पार्थिव हवानाला नेऊन तेथील कोलोन दफनभूमीत पुरण्यात आले.