पहिल्या धड्याचे विमान

स्नेहलतागंज, इंदूर

नवशिक्याच्या पुढ्यात कसलाही तंबोरा ठेवला तरी चालतो, असा पुष्कळांचा समज असतो. गाणे शिकविणाऱ्यास मात्र उलटच अनुभव येतो. तयार गवई बेताच्या वाद्यावरही सूर सांभाळून नेतो. पण ज्याचा कान अजून घडावयाचा आहे, त्याला बेसूर तंबोऱ्यावर बसविले तर ती खोड जन्मभर जात नाही. तरी बरे, गाण्यात चुकलेला सूर पुन्हा लावता येतो. आकाशात विमान शिकणाऱ्याला अशी सवलत मिळेलच असे नाही. म्हणूनच स्वतंत्र भारताच्या वैमानिकांसाठी पहिल्या धड्याचे विमान ज्यांनी घडविले, त्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे चरित्र आपण समजून घेतले पाहिजे.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूरकडील गडहिंग्लज तालुक्यात, हसूरचंपू या लहानशा गावी झाला. पुण्यामुंबईचे शिक्षण संपवून ते जर्मनीस गेले आणि ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांचे शिष्य झाले. विमानविद्येत प्रांट्ल हे एका घराण्याचे मूळ पुरुषच म्हणावयाचे. वाहत्या हवेचा एक अगदी पातळ थर पंखाच्या पृष्ठभागाला लगटून मंदावतो आणि पंखाचे बरेचसे वागणे या थरावर अवलंबून असते, हे त्यांनी १९०४ साली दाखवून दिले होते. विमानाचे नाक फार वर उचलले गेले की हवा पंखाला सोडून देते, आधार तुटतो आणि विमान खाली येऊ लागते. नवशिक्याच्या हातून हटकून होणारी चूक ती हीच. अशा गुरूपाशी बसून घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली.

विद्या हाती आली, पण ती चालविण्यास मायदेशात जागा नव्हती. विमाने बांधणारा कारखानाच त्या वेळी हिंदुस्थानात नव्हता. तो निघाला डिसेंबर १९४० मध्ये, बंगलोरास. आणि तो निघण्यास एका संस्थानाचा आश्रय कारणी लागला, ही गोष्ट आपल्या शहरातील जुन्या मंडळींस विशेष वाटेल. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी उद्योग मांडला आणि म्हैसूर दरबाराने त्यांना साथ दिली. घाटगे या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात आरंभीच्या काळातच दाखल झाले. दहा माणसे नेणारे, इंजिनाविना तरंगत जाणारे एक विमान त्यांनी १९४१ साली आखले. तसे एकच विमान बांधले गेले. पुढे युद्धाच्या रेट्यात कारखाना मुख्यतः परक्या विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. १९४२ च्या अखेरीस बंगलोरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले. त्या विभागाच्या उभारणीत घाटगे अग्रभागी होते, आणि काही वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले.

स्वातंत्र्य मिळाल्यावर कारखान्यात आपल्या आखणीचे विमान बांधावयाचे ठरले, तेव्हा आरंभ शिकवणीच्या विमानापासून झाला. आपले वैमानिक तोवर टायगर मॉथ या इंग्रजी विमानावर धडे घेत. ते जुन्या घडणीचे होते, त्याला वरखाली दोन पंख असून त्यांवर कापड ताणलेले असे. घाटगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेले ‘एच. टी. २’ सर्वस्वी धातूचे आणि एकपंखी होते. ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. पुढे त्यास १५५ अश्वशक्तीचे इंजिन बसविण्यात आले. गुरू आणि शिष्य एकामागे एक बसत आणि विमान चालविण्याचे दांडे दोघांपाशीही असत. शिष्य चुकला की गुरूने क्षणात सावरून घ्यावे, पण शक्य तोवर त्याला त्याचे त्यालाच सावरू द्यावे, अशी ही योजना होती.

हे विमान अगदीच लाडावणारे नव्हते. त्याचे तिसरे चाक शेपटीखाली असे. अशा विमानाचे नाक जमिनीवर असताना वर राहते, पुढचे नीट दिसत नाही, आणि उतरताना पाय जरा गाफील राहिले की शेपटी बाजूला फिरू पाहते. म्हणजे चूक झाली तर ती विद्यार्थ्याच्या तत्काळ लक्षात येई.

भारतात आखलेले आणि मोठ्या संख्येने बांधले गेलेले हे पहिले विमान होय. दीडशेहून अधिक एच. टी. २ तयार झाली. १९५९ साली घाना देशाचे विमानदल भारताच्या साहाय्याने उभे राहिले, तेव्हा त्याच्याकडेही यांतील १२ विमाने गेली. आपल्या हवाईदलात बिदरच्या प्राथमिक उड्डाण विद्यालयात पिढ्यांमागून पिढ्यांनी यावर पहिले धडे गिरविले. १९८० नंतरच्या दशकात ‘दीपक’ हे नवे विमान येऊन त्याची जागा घेईपर्यंत ही सेवा अखंड चालली.

घाटगे पुढेही याच वाटेने चालत राहिले. उड्डाण क्लबांसाठी ‘पुष्पक’ आणि सैन्याच्या टेहळणीसाठी ‘कृषक’ ही लहान विमाने त्यांच्या देखरेखीखाली झाली. १९६१ साली ‘मरुत’ हे लढाऊ विमान आकाशात गेले. ते जर्मन आखणीकार कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली झाले होते, आणि साऱ्यांचे डोळे साहजिकच त्याकडे लागले. घाटगे मात्र पुन्हा विद्यार्थ्यांच्याच विमानात गढले होते. ‘किरण’ हे शिकवणीचे जेट विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. यात गुरू व शिष्य शेजारीशेजारी बसतात. पुढच्याच वर्षी सरकारने घाटगे यांस पद्मश्री देऊन गौरविले.

६ डिसेंबर १९९१ रोजी ते निवर्तले. १९९६ साली हवाईदलाने ‘सूर्यकिरण’ हे कसरतींचे पथक उभारले आणि त्यासाठी किरणच निवडले. २०११ पर्यंत ती विमाने पंखाला पंख लावून आकाशात नक्षी रेखीत असत, आणि लोक माना वर करून पाहात. पाहणाऱ्यांतील फारच थोड्यांस हसूरचंपूच्या या मुलाचे नाव ठाऊक असेल.

युद्धातील पराक्रमांच्या कथा आपण आवडीने ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शूर वैमानिकांपैकी कितीतरी जणांनी एके सकाळी भीत भीत पहिल्यांदा विमानाचा दांडा धरला, तो एच. टी. २ मध्ये बसूनच. मैफल गाजली की श्रोते गवयाला दाद देतात, आणि लहानपणी त्याच्यासमोर तंबोरा जुळवून ठेवणारा हात कोणाचा होता, हे सहसा कोणी विचारीत नाही. घाटगे यांच्या बाबतीत तरी मराठी माणसाने ते विचारावे.