आयझॅक न्यूटन : टाकसाळीतला शास्त्रज्ञ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, न्यूटन म्हटलं की मुलं सफरचंद सांगतात, गतीचे तीन नियम सांगतात आणि थांबतात. आपणही तिथेच थांबतो. पण आयुष्याची शेवटची एकतीस वर्षे या माणसाने काय केलं, असं एखाद्या मुलाने विचारलं तर? तो लंडनच्या टाकसाळीत होता!

१६४२ साली वूल्सथॉर्प या खेड्यात जन्म, वडील त्याआधीच वारलेले, पुढे केंब्रिज, १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’. हे सगळं आपल्याला माहीत आहेच. १६९६ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स माँटेग्यू या मित्राने त्याला टाकसाळीचा वॉर्डन नेमलं. पद मानाचं, काम बेताचं. पण न्यूटनने ते बेताचं ठेवलं नाही.

तेव्हाचा पेच समजायला नाणं कसं पडायचं ते बघा. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा. त्यामुळे कडा वेड्यावाकड्या यायच्या. मग कुणी कात्रीने कडेची थोडी चांदी कातरून घेतली तरी पटकन कळायचं नाही. आजही अशी नाणी जमवणारे पहिल्या एलिझाबेथ राणीचं सहा पेन्सचं नाणं हातात आलं की आधी कडेची अक्षरं पूर्ण आहेत का ते पाहतात. अर्धी अक्षरं गेली असतील, तर समजा कात्री फिरली आहे.

१६६२ पासून यंत्राची, कडेवर अक्षरं किंवा रेघा असलेली नाणी निघू लागली होती. पण ही वजनदार नाणी लोक दडवत किंवा वितळवत, आणि बाजारात फिरत ती कातरलेली जुनी. त्यांचं वजन निम्म्यावर आलं होतं. म्हणून सरकारने सगळी हातोड्याची चांदी परत घेऊन नव्याने पाडायचं ठरवलं. खर्च भागवायला घरांच्या खिडक्यांवर कर बसला, बरं का! हाल झाले ते गरिबांचे. हातातली जुनी नाणी कुणी घेईना, नवी मिळेनात. न्यूटनने टाकसाळीतल्या प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते मोजलं आणि काम वाढवलं.

पुढचा भाग मुलांना सांगावा की नाही, तुम्हीच ठरवा. मला वाटतं, मोठ्या मुलांना सांगावा. खोटी नाणी पाडणं हा राजद्रोह होता, शिक्षा मृत्यूची. हे गुन्हेगार पकडणं वॉर्डनकडे होतं. विल्यम चॅलोनर नावाच्या भामट्याने तर टाकसाळीचाच कारभार वाईट आहे, अशी तक्रार संसदेपुढे केली होती. न्यूटनने खबरे नेमले, तुरुंगात जाऊन जबाब घेतले, एकेक साक्षीदार गोळा केला. चॅलोनरने दयेसाठी पत्रं लिहिली, पण उपयोग झाला नाही. मार्च १६९९ मध्ये त्याला फाशी झाली.

त्याच वर्षी न्यूटन टाकसाळीचा मास्टर झाला आणि १७२७ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिला. एवढं करून चांदी मात्र इंग्लंडात टिकली नाही. भारतात आणि चीनमध्ये चांदीला सोन्याच्या मानाने जास्त भाव होता. त्यामुळे नवी नाणी वितळून चांदी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इकडे येत राहिली. १७१७ मध्ये न्यूटनच्या अहवालावरून सोन्याच्या गिनीचा भाव एकवीस शिलिंग ठरला, तरीही ती थांबली नाही.