न सापडलेलं बेट

रशियाने १८६७ साली अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलर्सला विकलं, हे क्विझमध्ये हमखास विचारतात. पण फर्डिनंड व्रांगेल या दर्यावर्दीचं नाव कुणी विचारत नाही. या विक्रीला त्याचा विरोध होता, आणि त्याला तो अधिकारही होता, कारण पाच वर्षं त्याने तिथला कारभार सांभाळला होता.

व्रांगेलचा जन्म १७९७ चा. आई-वडील लहानपणीच गेले, मग नौदलाचं बोर्डिंग स्कूल. (हॉस्टेलवाल्यांनो, आपलाच माणूस!) १८२० ते १८२४ तो सायबेरियाच्या उत्तर टोकाला कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गोठलेल्या समुद्रावर फिरत होता. उन्हाळ्यात हवा स्वच्छ असली की उत्तरेला दूरवर डोंगर दिसतात, असं तिथले चुकची लोक सांगायचे. त्याने खूप शोधलं, पण वाटेत बर्फ फुटलेला आणि खाली उघडं पाणी. जमीन काही सापडली नाही. तरी चुकची लोकांना खोटं न ठरवता त्याने ती जागा नकाशावर दाखवली. मला हा माणूस आवडला तो इथेच.

१८३० मध्ये तो रशियन-अमेरिकन कंपनीचा गव्हर्नर म्हणून सिटकाला गेला. नुकतंच लग्न झालेलं. बायको एलिझाबेथ त्याच्यासोबत अख्खा सायबेरिया ओलांडून गेली. सिटका म्हणजे पाऊस, लाकडी तटबंदी आणि फरचा व्यापार. जमीन मूळची त्लिंगित लोकांची, शिकारीला जुंपलेले अल्यूत, आणि नफा पीटर्सबर्गला! बेसुमार शिकारीने समुद्री पाणमांजरं संपत चालली होती, म्हणून व्रांगेलने शिकारीवर मर्यादा घातल्या. धंद्याच्या माणसाने धंदा आवरायचा, हे सोपं नव्हतं.

धान्याचा प्रश्न होताच. कॅलिफोर्नियातल्या फोर्ट रॉस या रशियन वसाहतीला जास्त जमीन मिळावी म्हणून परतताना १८३६ मध्ये तो मेक्सिकोत बोलणी करून आला. मेक्सिकोची अट एकच होती, की आमचं स्वातंत्र्य मान्य करा. झार निकोलसने ते केलं नाही. १८४१ मध्ये फोर्ट रॉस विकलं गेलं.

पुढे तो नौदलमंत्री झाला. अलास्काच्या बाबतीत मात्र त्याचं कुणी ऐकलं नाही.

गंमत बघा, त्याच १८६७ साली थॉमस लाँग नावाच्या अमेरिकन कप्तानाने चुकची लोकांनी सांगितलेली ती जमीन जवळून पाहिली आणि तिला व्रांगेलचं नाव दिलं. तीन वर्षांनी व्रांगेल वारला. त्या बेटावर त्याचं पाऊल कधीच पडलं नाही.