शालिवाहन : मातीचे सैन्य आणि मातेचा लेख

गुढीपाडव्याच्या दिवशी पंचांग उघडले की पहिल्याच ओळीत एक नाव दिसते. लग्नपत्रिकेवरही तेच नाव आणि त्यापुढे शकाचा आकडा. शालिवाहन! जन्मल्यापासून आपण हे नाव ऐकतो. पण हा राजा होता तरी कोण?

लोककथा सांगते ती अशी. गोदाकाठच्या पैठणात, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठानात, दोन ब्राह्मण भाऊ आपल्या विधवा बहिणीसह एका कुंभाराच्या घरी आश्रयाला होते. नदीवर पाण्याला गेलेल्या त्या तरुणीवर नागराज शेष मोहित झाला आणि तिच्या पोटी हे मूल आले. भाऊ तिला सोडून गेले. मूल कुंभारवाड्यात वाढले. मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळू लागले आणि खेळातल्या राज्याचा राजा झाले. पुढे उज्जयिनीचा विक्रम चालून आला, तेव्हा त्याच मातीच्या सैन्यात प्राण संचारले आणि विक्रमाचा पराभव झाला. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी 'विविधतीर्थकल्पा'त ही कथा नोंदवली आहे. औंढ्याच्या नागनाथाच्या परिसरात वाढलेल्या आपल्याला नागाची कथा परकी वाटायचे कारण नाही. आणि असे नवल केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. दूर पेरू देशातील इंका लोक आपला पहिला राजा मांको कापाक याला सूर्याचा पुत्र मानीत.

मग इतिहास काय सांगतो? शालिवाहन हे सातवाहन या कुलनामाचेच रूप आहे. या कुळात अनेक राजे झाले. त्यांतील सर्वांत पराक्रमी गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. नेमक्या वर्षांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्याच्या आधी क्षहरात वंशातील शक क्षत्रप नहपान याने नाशिकपर्यंतचा मुलूख जिंकला होता. गौतमीपुत्राने त्याचा उच्छेद करून गेलेले वैभव परत मिळवले. याची साक्ष १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे मिळाली. तेथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारला होता. नाणे वितळवले नाही. शत्रूच्या मुखवट्यावरच आपली मुद्रा उमटवली!

नाशिकच्या लेण्यांत त्याचे आणखी एक दर्शन घडते. राज्याच्या अठराव्या वर्षी, विजयी सेनेच्या छावणीतून, त्याने तेथील भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिल्याची आज्ञा काढली. हे शेत पूर्वी नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्याकडे होते. चोविसाव्या वर्षी कळले की ते गाव ओसाड आहे, शेत कोणी कसत नाही. तेव्हा राजाने आपल्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने दुसरे शेत देवविले. या दुसऱ्या आज्ञेत राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. दान दिले म्हणजे झाले, असे त्याने मानले नाही. दिलेले पिकते की नाही, हेही पाहिले. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या लेकरांना या गोष्टीचे मोल सांगायला नको.

राजा गेल्यानंतर, त्याचा पुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, वृद्ध माता गौतमी बलश्रीने त्याच डोंगरात लेणे दान केले आणि मुलाचा पराक्रम दगडावर कोरविला. शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने केलेला पाडाव त्यात आहे. त्याचबरोबर त्याचा न्याय्य कर, अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला नसलेली आवड आणि त्याची मातृसेवा यांचाही उल्लेख आहे. आज आपल्या प्रवेश-अर्जावर आईच्या नावाचा रकाना असतो. हा राजा तर आईच्या नावानेच ओळखला गेला!

आता एक गंमत पाहा. इसवी सन ७८ मध्ये सुरू होणारा शक मुळात शालिवाहनाचा नव्हेच. सातवाहन आपल्या राज्याची वर्षे मोजीत. हा शक वापरला तो पश्चिम क्षत्रपांनी, म्हणजे शकांनी. पुढे अनेक शतके लेखांतून तो शकराजांचा काळ म्हणूनच येतो. शालिवाहनाचे नाव त्याला जोडले गेले ते बऱ्याच उशिरा. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी हाच शक स्वीकारला.

म्हणून दंतकथा खोटी म्हणून फेकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. राजाने शत्रूच्या नाण्याचे जे केले, तेच लोकांनी शत्रूच्या शकाचे केले. त्यावर आपल्या राजाचा छाप मारला. आणि ते सैन्यही लोकांनी कुंभाराच्या मातीतून उभे केले, राजवाड्यातून नव्हे. वसमत तालुक्यातून जाणारी आपली पूर्णा ज्या गोदेला मिळते, तिच्याच वरच्या काठी पैठण आहे. मित्रहो, पुढच्या पाडव्याला शकाचा आकडा वाचताना त्या मातीची आणि त्या मातेची आठवण ठेवू या.