टिळक आणि लोकांची मर्जी

उपासनेत ज्यांची भजने आपण टाळमृदंगाच्या साथीने गातो, त्या नारायण वामन टिळकांस पुष्कळ मंडळ्या केवळ गीतकार म्हणून ओळखतात. परंतु लोकांनी बरे म्हणावे ही इच्छा त्यांनी दोन वेळा सोडली. आणि दुसरी वेळ पहिलीहून कठीण होती, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई लवकर निवर्तली. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी ते संस्कृत शिकले. पुढे मूर्तिपूजा व जातिभेद यांवरील त्यांचे मन उडाले, तरी देवाचा शोध थांबला नाही. १८९३ साली राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांस ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

नातलगांच्या लेखी ते मेल्यासारखेच झाले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. १९०० साली त्या आपल्या मनाने प्रभूच्या झाल्या. हे सारे त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने लिहिले आहे. उपदेशक बंधूंनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.

जात गेली, पण अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये दुसरे घर मिळाले. १९०४ साली पाळकपदाची दीक्षा झाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चे मराठी संपादन त्यांच्याकडे आले. पगार होता, मानही होता. तथापि पूर्वीच्या संतांचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. तुकारामांच्या अभंगांनीच आपणांस ख्रिस्ताकडे आणले, असे ते उघड सांगत. विलायती चालींवर गाणाऱ्या मंडळीस त्यांनी अभंग, ओव्या व पदे दिली. कीर्तनास उभे राहून येशूचे चरित्र सांगितले. तरुण कवी बालकवी ठोमरे हिंदू होते. त्यांस टिळकांनी आपल्या घरी पुत्राप्रमाणे वागविले. असे करणारा मनुष्य अजून पुरता ख्रिस्ती झाला नाही, असे कोणास वाटले तर नवल नाही. आपल्याही खेड्यांत असे म्हणणारे आहेत.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचे शिष्य म्हणविणारे, बाप्तिस्मा झालेले व न झालेले, तेथे एकत्र बसावेत, हा त्यांचा हेतू. बाप्तिस्म्यावाचून शिष्य कसा, ही शंका अनेकांस आली, आणि ती क्षुल्लक नव्हे; आम्हांसही त्या बाबतीत टिळकांशी सर्वस्वी सहमत होता येत नाही. पण ज्यांची भाकरी मिशनच्या पगारावर अवलंबून आहे, त्यांस हे ठाऊक आहे की जातीचा रोष सोसणाऱ्यासही आपल्याच मंडळीचा रोष सोसवत नाही. टिळकांनी तो सोसला. आणि तोही मिशनशी वैर न धरता.

दरबारास दोन वर्षेही पुरी मिळाली नाहीत. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई इस्पितळात टिळक प्रभूकडे गेले. ख्रिस्ती मंडळीत पुरण्याची रीत असता त्यांच्या देहाचे, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, दहन करण्यात आले आणि अस्थी अहमदनगरास नेण्यात आल्या.